दुसरी हाक

म्हातारा गेल्यापासून घरात एक वाक्य सगळ्यांना पाठ झालं होतं. भेटायला कुणी आलं की दारातच त्याला ते ऐकवलं जाई: नदीपलीकडच्या धक्क्यावर पाय ठेवताच गेले, हूं की चूं केलं नाही. डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. हृदय एकाएकी बंद पडलं, त्यांना कळलंही नसेल. येणारे मान डोलवत, असं मरण नशिबात असावं लागतं म्हणत, चहा पीत आणि चढाच्या गल्लीने भिंत धरत परत जात. थोरल्या मुलाने ते वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता तो ते विचार न करता म्हणे. जुन्या जकातघरातल्या संग्रहालयात तो बाहेरगावच्या पाहुण्यांना गावाचा इतिहास सांगायचा. लढाया, महापूर, रोगाच्या साथी हे सगळं रोज त्याच आवाजात सांगायची त्याला सवय होती.

आज मात्र तो सांत्वनाला आला नव्हता, आणि हे घरात प्रत्येकाला ठाऊक होतं. नगरपालिकेला नदीकाठ सुंदर करायचा होता. खरं तर हे गाव आधीच इतकं सुंदर होतं की त्यात राहणं मुश्किल झालं होतं. दाराची बिजागरी बदलायची तरी परवानगी लागायची. छप्पर गळत असलं तरी ते जुनं आहे म्हणून गळू द्यावं लागायचं. तरणी पोरं केव्हाच गाव सोडून गेली होती आणि मागे राहिलेल्यांचे फोटो बाहेरचे पाहुणे काढत होते, जसे काही तेही दगडाचेच आहेत. अशा गावात अजून कामाला येणारी एक वस्तू उरली होती, ती म्हणजे नदीपार नेणारी या घराची नाव. नेमकी तीच नगरपालिकेला नको होती. धक्क्याच्या जागी फिरायचा रस्ता व्हायचा होता.

नाव चालवायचा हक्क म्हाताऱ्याचा होता. तो पुढे चालवायचा की सोडून द्यायचा, हे उद्या सकाळी कळवायचं होतं. म्हातारा नेहमी म्हणायचा, माझ्यामागे ही म्हणेल तसं करा. तेव्हा आता सगळं आईच्या शब्दावर येऊन ठेपलं होतं.

दुपारी सगळे पुढच्या खोलीत जमले. आई नदीकडच्या खिडकीशी आपल्या बुटक्या खुर्चीवर बसली होती. थोरली सून येताना पिशवीभर फळं घेऊन आली होती आणि ती कुठे ठेवू, असं दोनदा विचारून झालं होतं. धाकटी लेक आणि तिचा नवरा नदीपलीकडून आले होते, अर्थातच मधल्या भावाच्या नावेतून. धाकटीचा नवरा सुतार. गावातल्या जुन्या खिडक्यांना जुन्यासारख्याच दिसणाऱ्या नव्या चौकटी बसवणं हा त्याचा धंदा, त्यामुळे गावाच्या सौंदर्यावर पोट भरणारा घरात तो एकटाच होता. मधला दाराला टेकून उभा होता. स्वतःच्या घरात तो नेहमी असाच उभा राहायचा, कुणी बोलावलं की निघायला बरं म्हणून.

थोरल्याने बोलायला सुरुवात केली. त्याची तयारी चांगली होती. आईचं वय, शेवाळलेल्या पायऱ्या, भिंतींतली ओल, वरच्या गावातल्या त्याच्या घरातली उन्हाची खोली, हे सगळं त्याने ओळीने मांडलं. पूल झाल्यापासून नावेत बसतंच कोण, असंही तो म्हणाला. हौशी पाहुणे आणि चार म्हाताऱ्या. मधल्याला नगरपालिका काहीतरी काम देईल, तसं आपण बोलून ठेवलंय. हे बोलताना तो मधल्याकडे बघत नव्हता. लहानपणी नावेत बसलं की थोरल्याला मळमळायचं. नावाड्याच्या थोरल्या मुलाला नाव लागते, हा गावाचा कित्येक वर्षं पुरलेला विनोद होता. नाव बंद पडावी असं त्याला वाटत होतं ते केवळ आईच्या काळजीने, हे त्याने स्वतःलाही पटवलं होतं.

"आणि मी आईकडे यायचं कसं?" धाकटीने विचारलं. "पुलावरून जायचं म्हणजे अख्खी दुपार गेली. दादा, तू मोटारीतून फिरतोस, म्हणून तुला पूल जवळ वाटतो."

"तुला भेटायला आईच येईल की."

"नाव बंद केल्यावर? कशी?"

थोरली मध्ये पडली आणि म्हणाली की माणसं काय, फोनवरही बोलतात. धाकटीने आपली खुर्ची उचलली आणि दाराशी, मधल्याच्या बाजूला नेऊन ठेवली. या घरात कोण कुणाच्या बाजूने आहे, हे नेहमी खुर्च्यांवरून कळायचं.

मधल्याची बायको चहा घेऊन आली तेव्हा तिला एका नजरेत दिसलं, की पारडं आपल्याकडे झुकलंय. धाकटी आपल्या बाजूने, म्हणजे तिचा नवराही आपल्या बाजूने. राहिली आई. आईला हे घर सोडवणार नव्हतं. आता फक्त एक गोष्ट सांभाळायची होती. आपल्या नवऱ्याने तोंड उघडता कामा नये. त्याचा चेहरा सकाळपासूनच तिला बरा दिसत नव्हता.

ती लाँड्रीत कामाला होती आणि माणसांच्या कपड्यांवरून पुष्कळ काही ओळखायला शिकली होती, पण नवऱ्याचं काय बिनसलंय हे कळायला तिला कपडे बघायची गरज नव्हती. म्हातारा गेला त्या संध्याकाळी ती त्याच्याबरोबर अलीकडच्या धक्क्यावर होती. तो ओला दोर पिळत होता, ती त्याचं दुसरं टोक धरून उभी होती. नदी अगदी निवांत होती. अशा संध्याकाळी पलीकडे कुणी खोकलं तरी इकडे ऐकू येतं. पलीकडच्या आया आपल्या पोरांना रागावतात आणि इकडची पोरं दचकतात. म्हणूनच म्हाताऱ्याने नियम घालून दिला होता, की पहिल्या हाकेला दोर सोडायचा नाही. ती कुणाचीही असू शकते, कुणालाही असू शकते. ज्याला खरंच नाव हवी असेल तो दुसरी हाक मारतोच. दुसरी आली की निघायचं, मग जेवणावरून उठायला लागलं तरी. मधल्याच्या हाती वल्हं देण्याआधी म्हाताऱ्याने त्याला हे शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी एक हाक आली. दोघांनीही ऐकली. मधल्याने पिळायचं थांबवलं, मान वर केली आणि थांबला. ती म्हणाली, कुणाची होती रे? तो म्हणाला, बघू, दुसरी येऊ दे. दुसरी आली नाही. त्याने दोर गुंडाळून ठेवला. म्हातारा दुपारपासून लेकीकडे होता. उशीर झाला की तो तिथेच राहायचा, त्यामुळे इथे कुणी वाट पाहिली नाही. पलीकडे लेकीला वाटलं, बाबा केव्हाच घरी पोचले. सकाळी सुतार कामावर निघाला तेव्हा ते त्याला धक्क्यावर सापडले.

तेव्हापासून ती नवऱ्याला एकच गोष्ट सांगत होती. तू बोललास तर कुणाचं काय भलं होणार आहे? डॉक्टर म्हणतात ते क्षणात गेले. मग ती हाक दुसऱ्या कुणाचीतरी होती. हे सांगून तुझ्या हातात काय येईल? दादा म्हणेल, ज्याला बापाची हाक कळली नाही त्याच्या हातात नाव कशाला. आणि आई तरी तुला नाव कशी देईल? तिच्या बोलण्यात खोट नव्हती. रात्री मधला तिच्याकडे पाठ करून झोपे, आणि झोपला नाहीय हे तिला कळे.

"आई, तू बोल आता काहीतरी," थोरला म्हणाला.

आईने कप खाली ठेवला. इतका वेळ ती कुणाकडेही बघत नव्हती. आता तिने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

"सांगते," ती म्हणाली. "पण आधी मला कुणीतरी सांगा. ह्यांच्या बुटांच्या नाड्या कोणी बांधल्या?"

कुणाला काही कळेना. थोरली हळूच म्हणाली, आईंना अजून धक्काच बसलाय. थोरल्याने तिला हाताने गप्प केलं.

"ह्यांना गेल्या वर्षापासून वाकता येत नव्हतं," आई म्हणाली. "नाड्या मीच बांधून दिल्या होत्या, सैल. त्या सोडायच्याच नाहीत. नुसता पाय घालायचा आणि काढायचा. त्या दिवशी ह्यांना घरी आणलं तेव्हा नाड्या घट्ट आवळलेल्या होत्या. वर दुहेरी गाठ. मी माझ्या हाताने सोडल्यात त्या. नखं दुखली माझी."

सुताराला वाटलं होतं, ही गोष्ट आपल्याबरोबरच संपेल. तो खुर्चीच्या काठावर बसला होता आणि खुर्चीच्या पायाचा सांधा ढिला झालाय, हे मघापासून त्याच्या लक्षात आलं होतं. घरी जायच्या आधी ठोकून द्यावा, असं तो मनात म्हणत होता. सासरच्या भांडणात तो कधी पडायचा नाही. जावई माणसाने जेवावं, हसावं आणि वेळेवर निघावं, असं त्याचं साधं गणित होतं. आता सगळे त्याच्याकडे बघत होते, कारण म्हातारा सापडला होता तो त्यालाच, आणि ती दुहेरी गाठही त्याचीच होती. खिडकीच्या चौकटी दोरीने बांधतानाही तो तीच मारायचा, हे धाकटीला माहीत होतं.

"तुम्ही बांधल्या?" धाकटीने विचारलं.

त्याने आधी मान हलवली, मग तोंडाने हो म्हटलं. आता सांगावंच लागणार होतं. तो आईकडेच बघून बोलला, बायकोकडे बघायचा त्याला धीर झाला नाही.

"आई, मी गेलो तेव्हा ते आडवे नव्हते. खालच्या पायरीवर बसलेले होते. नाव बांधायचा खांब आहे ना, त्याला टेकून. बूट काढून शेजारी ठेवलेले होते. नीट, जोडीने."

या घरात जन्मलेल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ कळत होता. नावेत कुणी बूट घालून चढत नसे. फळ्या ओल्या असतात, पाय सरकतो. पलीकडच्या धक्क्यावर नावेसाठी थांबलेला माणूस आधी बूट काढतो, मग बसतो. म्हातारा धक्क्यावर येताक्षणी कोसळला नव्हता. त्याने बूट काढले होते, जोडीने ठेवले होते, खाली बसला होता आणि नावेची वाट पाहिली होती. किती वेळ, ते कुणालाच कधी कळणार नव्हतं.

"मला वाटलं, तुम्ही बघाल ते, तर..." सुतार म्हणाला. "म्हणून मी त्यांना आडवं केलं. बूट घातले. पाय ताठले होते, बूट निघत होते सारखे. म्हणून नाड्या आवळल्या. चुकलं माझं."

"मला नाही सांगितलंत," धाकटी म्हणाली. "मला सांगायचं होतंत."

सुताराला वाटलं, काय सांगायचं होतं? की तुझा बाप आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर रात्रभर बसून होता, आणि आपण खिडक्या लावून झोपलो होतो? त्याने हे चांगल्या मनाने केलं होतं. चांगल्या मनाने केलेल्या गोष्टीचा इतका राग कुणाला यावा, हे त्याला नवीन होतं.

थोरल्याचं डोकं मात्र जागेवर होतं. वाट पाहिली, म्हणजे हाक मारली असणार. त्याने मधल्याकडे पाहिलं आणि पाहताक्षणी त्याला सगळं समजलं. लहानपणी काचेचा दिवा फुटला होता तेव्हा मधला असाच उभा होता, हात मागे घेऊन. थोरल्याला आता फक्त विचारायचं होतं, मोठ्याने, सगळ्यांसमोर. मग नाव गेलीच होती. थोरलीने त्याच्या कोपराला बोट लावलं. तिलाही कळलं होतं.

आणि त्याच्याने विचारवेना. हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. तो घाईघाईने म्हणाला, त्या दिवशी हवा कशी होती कोण जाणे, कधीकधी इकडचं तिकडे काही ऐकू येत नाही, बाबांचा आवाजही आता बारीक झाला होता. थोरली त्याच्याकडे बघतच राहिली. संग्रहालयात दिवसभर पाहुण्यांना हा माणूस सांगत असतो, की या नदीवर कुजबुजसुद्धा ऐकू येते.

"आम्ही काही ऐकलं नाही," मधल्याची बायको म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"ऐकलं," मधला म्हणाला.

त्याची बायको हातातला ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. मधल्याने पाठ दारापासून सोडवली आणि तो खोलीत दोन पावलं पुढे आला. त्याला वाटलं होतं, हे सांगायला फार कठीण जाईल. प्रत्यक्षात शब्द सरळ येत होते. कित्येक दिवस मनात तेच चाललं होतं त्याच्या.

"एक हाक आली. मी ऐकली, हिनेही ऐकली. हिला दोष नाही, मीच म्हणालो थांबू. दुसरी आली नाही. मी दोर गुंडाळला आणि घरी आलो. जेवलो."

"बाबांचा आवाज तुला कळला नाही?" धाकटी उठून उभी राहिली होती. तिचा आवाज चढला नव्हता, पण सुताराने तिचा हात धरायला हात पुढे केला आणि परत घेतला. "भाऊ, बाबांचा आवाज होता तो. कुणी परकं माणूस नव्हतं."

"मला वाटलं, कुणी आपल्या बायकोला बोलवतंय. नावेला कुणी असं बोलवत नाही."

"एक फेरी मारली असतीस तर काय झालं असतं? रिकामी गेली असती. हात दुखले असते तुझे."

"हो," मधला म्हणाला. "एवढंच झालं असतं."

धाकटीने खुर्ची उचलली नाही. ती तशीच चालत जाऊन थोरल्याच्या शेजारी कोचावर बसली आणि म्हणाली, दादा, सांगून टाक त्यांना उद्या. नाव बंद. मी पुलावरून येईन. मधल्याच्या बायकोने ट्रे टेबलावर ठेवला. रागाने तिचे कान तापले होते, पण तो राग नेमका कुणावर आहे, हे तिला ठरवता येईना. जन्मभर बापाचा शब्द झेलला, आणि त्याच शब्दापायी हा आता बापाचा गुन्हेगार झाला होता. आणि ही चार माणसं त्याला तोलायला बसली होती. तिला रडू आलं. सगळ्यांसमोर रडायचं नाही असं ठरवूनही ती रडली.

मधल्याला बरं वाटत होतं. हे सांगायला लाज वाटावी, पण खरं होतं. आता नाव जाईल, बहीण बोलायची नाही, दादा उपकार करून कुठेतरी चिकटवेल. जे व्हायचं ते होऊ दे. निदान आता पाठ करून झोपायला नको.

तेव्हा आईने विचारलं, "काय म्हणून हाक मारली होती?"

"आई, आता कशाला ते?" थोरला म्हणाला.

"मी त्याला विचारतेय. बायकोला बोलावतंय असं तुला का वाटलं? काय ऐकलंस तू?"

मधल्याला आठवावं लागत नव्हतं, त्याला ते पाठच होतं. तरी बापाचा आवाज आपल्या तोंडून काढायचा त्याला संकोच वाटला. शेवटी तो हाक न मारता, नुसतं सांगितल्यासारखं म्हणाला.

"अगं."

आईने डोळे मिटले.

"अगं, एवढंच," मधला म्हणाला. "पुढे काही नाही. ना नावेला हाक, ना माझं नाव."

खाली धक्क्यावर पाहुण्यांचा एक घोळका येऊन उभा राहिला होता, आणि नाव रिकामी का आहे, असं त्यातली एक बाई कुणालातरी विचारत होती. तिचा शब्दन् शब्द खोलीत येत होता.

"मग ती तुला नव्हतीच," आई म्हणाली. "मला होती."

तिने डोळे उघडले आणि ती अगदी साधेपणाने बोलायला लागली, जसं काही शेजारच्या घरातलं सांगतेय. त्या संध्याकाळी ती मागे स्वयंपाकघरात होती. दूध तापत ठेवलं होतं. पुढचं दार उघडं होतं. तिला पुढून ऐकू आलं, अगं. हे नेहमीच पुढून अगं म्हणायचे, पाणी हवं असलं, चष्मा हवा असला, काही नको असलं तरी. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून ह्यांनी तिला दुसऱ्या कशाने हाक मारली नव्हती. तिला वाटलं, आले वाटतं, पायरीवर बसलेत.

"मी म्हटलं, आले हं," आई म्हणाली. "आणि दूध बघत उभी राहिले. उतू जाईल म्हणून. दूध वर आल्यावर गॅस बंद केला, झाकण ठेवलं, मग पुढे आले. तर कुणीच नव्हतं. मला वाटलं, भास झाला. रोज ऐकायची सवय कानाला."

"भासच असेल, आई," मधला चटकन म्हणाला. त्याचा सगळा हलकेपणा क्षणात गेला होता. "आणि मी ऐकलं ते दुसरं कुणीतरी असेल. पलीकडे शंभर माणसं आपल्या बायकांना अगं म्हणतात."

"म्हणत असतील. मी एकालाच आले म्हणते."

"तुझा आवाज तिथवर गेला नसेल."

"गेला असेल रे. त्या बाईचा बघ, येतोय ना इकडे? माझाही गेला असेल." आईने खिडकीकडे हात केला. "म्हणून तर दुसरी हाक मारली नाही. मी आले म्हटलं ना. ह्यांना वाटलं, ऐकलंय हिने, आता पोराला सांगेल. मग कशाला ओरडतील? बूट काढले आणि बसले."

धाकटी कोचावरून उठून आईच्या पायाशी येऊन बसली आणि तिने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. आईने तिच्या केसांवर हात ठेवला, पण तो हलला नाही. थोरली तोंडाला पदर लावून बसली होती. आता तिच्या मनात नाव नव्हती, नगरपालिका नव्हती. सुताराला वाटलं, मी त्या नाड्या बांधल्या नसत्या तर. मग त्याच्या लक्षात आलं, की बूट तसेच राहिले असते तर हे तेव्हाच कळलं असतं. मधला आईसमोर उभा होता. त्याने आपलं ओझं उतरवलं होतं आणि ते कुठे जाऊन पडलं, हे त्याला दिसत होतं. आता ते परत मागायची काही सोय नव्हती. बायकोचं ऐकलं असतं तर आईचा तो भासच राहिला असता.

"डॉक्टर म्हणाले होते..." थोरल्याने ते पाठ वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

"माझं ऐका आता," आई म्हणाली. "उद्या त्यांना कळवा, नाव चालू राहणार. हा चालवेल. ह्याने ह्यांच्या सांगण्याबाहेर काही केलेलं नाही. धाकटे, तू त्याच्याशी बोलणं टाकायचं नाहीस. आज नको बोलूस, पण टाकायचं नाही."

"तुझं काय, आई?" थोरल्याने विचारलं.

"मी वर येते तुझ्याकडे. आजच. चार कपडे भर गं माझे," हे ती मधल्याच्या बायकोला म्हणाली. मधल्याची बायको हलली नाही. आईने हे घर सोडावं, असं तिला कधीच वाटलं नव्हतं, तिच्याशी भांडतानाही नाही. "जा. मला इथे संध्याकाळ नको व्हायला."

थोरल्याला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, एक नाव सोडून. आणि नाव राहिली, याचं त्याला मनातून बरंच वाटलं. त्याने आईला हाताला धरून उठवलं. किती हलकी झालीय ही, असं त्याला वाटलं. मधला कपड्यांची पिशवी घ्यायला पुढे आला, तेव्हा थोरल्याने ती त्याला घेऊ दिली. तिघं बाहेर पडली आणि गल्लीचा चढ चढू लागली. आई नदीकडे पाठ करून चालत होती आणि दर थोड्या पावलांनी थांबत होती.

वळणावर ती पुन्हा थांबली. वर थोरल्याच्या घराची खिडकी दिसत होती. ती खिडकी धक्क्याच्या बरोबर वर होती. संध्याकाळी ती उघडली, की खाली पायऱ्यांवर बोलणारी माणसं खोलीतच बसल्यासारखी वाटायची. थोरली त्यावरून रोज कुरकुरायची.

"तुझ्याकडे नदीवरचं काही ऐकू येत नाही ना रे?" आईने विचारलं.

मधल्याने थोरल्याकडे पाहिलं.

"नाही, आई," थोरला म्हणाला. "काहीसुद्धा ऐकू येत नाही."